कडक ब्रेक आणि माझा हलका पाय

माझ्या उजव्या पायाची चर्चा एके काळी आमच्या अख्ख्या कॉलनीत झाली. नवी नवरी घरात येते तेव्हा लोक तिच्या पावलांकडे बघतात, ते मी समजू शकते. पण मी काही नवी नवरी नव्हते. लग्नाला बरीच वर्षं झालेली, प्राथमिक शाळेत मास्तरीण, पाढे चुकले की पोरांना फळ्यासमोर उभं करणारी बाई. तरी वाण्याच्या दुकानापासून पिठाच्या गिरणीपर्यंत एकच विषय होता, बाईंच्या पायात जोर नाही.

ऐंशीनंतरची गोष्ट. इंदिरानगरात तेव्हा घरं कमी आणि वाळूचे ढीग जास्त होते. आमचं दोन खोल्यांचं घर नुकतंच उभं राहिलं होतं, बाहेरून गिलावासुद्धा व्हायचा होता, आणि त्याच्या दारात चक्क मोटार उभी होती. घराला रंग नाही पण दारात गाडी, म्हणून येणारे-जाणारे हसायचे. नवरा मनमाडला रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात होता. सकाळच्या गाडीनं जायचा, दिवेलागणीला यायचा. त्याचे एक साहेब बदली होऊन दूर गेले आणि जाता जाता आपली गाडी ह्याच्या गळ्यात मारून गेले.

छोटीशी, नव्या धर्तीची गाडी होती ती. रस्त्यावरच्या बाकीच्या मोटारी म्हणजे जुन्या, बोजड. त्यांचा ब्रेक मारायचा तर माणसाला सीटवरून अर्धं उठून पेडल तळापर्यंत दाबावं लागायचं. हिचा ब्रेक मात्र लोण्यासारखा. बॉनेटखाली एक गोल डबा होता, तो पायाला मदत करतो आणि त्याला बूस्टर म्हणतात, एवढं साहेबांनी सांगितलं होतं. त्याहून जास्त त्यांनाही ठाऊक नसावं.

आता गाडी आली म्हणजे कुणीतरी चालवायला हवी. नवरा मोठ्या हौसेनं मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये गेला आणि दुसऱ्याच दिवशी स्कूलच्या गाडीसकट एका रसवंतीत शिरला. कुणाला लागलं नाही. रसवाल्यानं त्याला ग्लासभर रस पाजला आणि हात जोडून निरोप दिला. त्यानंतर ह्यानं चावीला हात लावला नाही. म्हणाला, "तूच शीक." मी लगेच शिकले. तो पुन्हा विचार करील, एवढा वेळच मी त्याला दिला नाही.

त्याचं कारण होतं. माझी आई घाटापलीकडं पेठ गावी राहायची. तिथल्या सरकारी दवाखान्यात ती नर्स होती, निवृत्त झाल्यावर तिथंच राहिली, एकटी. वडील मी लहान असतानाच गेलेले, भाऊ-बहीण नाही. तिला भेटायला जायचं म्हणजे आधी नवऱ्याची रजा, मग एसटी, आणि पावसाळा असला तर घाट चालू आहे की बंद त्याची चौकशी. स्वतःच्या आईला भेटायला मला एवढ्यांची मर्जी सांभाळावी लागते ह्याचा मला संताप यायचा. खरं सांगते, मी गाडी शिकले ती आईसाठी. नवऱ्यानं अट घातली होती, महिनाभर गावात नीट चालव, मग एकटी पेठला जा. महिना भरत आला होता आणि ब्रेकनं दगा दिला.

शाळेतून येत होते. उतार होता, आणि पुढे एक बँड चालला होता. वरात नव्हती, नुसतेच बँडवाले लग्नघरी निघालेले. सगळ्यांच्या मागे मोठा ड्रमवाला. मी नेहमीसारखा ब्रेकवर पाय ठेवला. पेडल हललंच नाही! भिंतीला पाय लावावा तसं. मी जोर केला, मग दोन्ही पायांनी ब्रेकवर जवळजवळ उभी राहिले, हँडब्रेक खेचला. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, आणि थांबता थांबता बंपर ड्रमवाल्याच्या पार्श्वभागाला टेकला. त्यानं दचकून उडी मारली आणि हातातल्या दांडीचा टोला ड्रमवर बसला, ढुम्म!

बँडमास्तर पुढे होता. तो मागे न बघताच खेकसला, "अरे, मी खूण केल्याशिवाय सुरू कसा करतोस रे?" ड्रमवाला बिचारा मागे बोट दाखवत राहिला. मग मास्तर वळला आणि त्याला मी दिसले, दोन्ही पाय ब्रेकवर, पदर खांद्यावरून खाली, तोंड उघडं. तोपर्यंत माणसं जमलीच होती. "बाई आहे, बाई," एक जण दुसऱ्याला म्हणाला. बस्स, तपास तिथंच संपला.

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. समोरच्या प्लॉटवर एक द्राक्षबागायतदार बंगला बांधत होते. त्यांचा आमच्या गाडीवर पहिल्या दिवसापासून डोळा. संध्याकाळी नवरा आला तसे हे गृहस्थ चप्पल काढून आत, चेहऱ्यावर दुःख, जणू मी ड्रमवाल्याला गाडून आले होते.

"वहिनी, राग मानू नका," ते म्हणाले, "पण मोटार म्हणजे काही शिलाई मशीन नव्हे."

"शिलाई मशीनच चालवत आलेय मी जन्मभर," मी म्हटलं. "माझ्या पिंढऱ्या बघितल्यात तर तुम्ही तालमीत जाल."

नवऱ्यानं घाईघाईनं चहा मागितला. मी आत चहा टाकेपर्यंत बाहेर ठरूनही गेलं. रविवारी द्राक्षवाले गाडी चालवून बघणार आणि पसंत पडली की घेऊन जाणार. ते गेल्यावर मी कडाडले. नवरा शांतपणे म्हणाला, "अगं, आज ड्रम होता. उद्या पोर असलं तर?" तो वाईट माणूस नव्हता, घाबरट होता. आणि खरं तर घाबरले मीही होते. फक्त मला एवढं पक्कं ठाऊक होतं, की बिघडलाय तो ब्रेक. माझा पाय काल होता तसाच आज आहे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गिअरवर हळूहळू चालवत गाडी गॅरेजमध्ये नेली. मिस्त्री चांगलाच धिप्पाड होता.

"काय झालं ताई?"

"ब्रेक कडक झालाय."

त्याचा चेहरा खुलला. "झकास! कुणाकडं केला?"

"केला नाही हो. आपोआप झालाय."

"आपोआप? नशीबवान आहात. लोकं माझ्याकडं रांग लावतात, मिस्त्री, ब्रेक खाली बसतो, जरा कडक करून द्या. आणि तुम्ही कडक झाला म्हणून तक्रार घेऊन आलात!"

आता ह्यात त्याची चूक नव्हती, आपल्या भाषेची होती. चहा कडक म्हणजे चांगला, इस्त्री कडक म्हणजे चांगली. त्या काळच्या गाड्यांचे ब्रेक दाबले की पार तळाला जायचे, दोन-चारदा पंप मारावा तेव्हा कुठं लागायचे. म्हणून ब्रेकही कडक तोच चांगला. मिस्त्री गाडीत बसला, गाडी एका बाजूला कलली. त्यानं आवारात एक चक्कर मारली, आपला तो गोणीएवढा देह ब्रेकवर टाकला आणि गाडी थांबवली. "फर्स्ट क्लास!"

"अहो, घट्ट झालाय," मी म्हटलं.

"घट्टच पाहिजे."

"जड झालाय!"

ह्या शब्दावर तो अडला. क्लच जड असतो, स्टिअरिंग जड असतं, हे त्याला माहीत होतं. मला वाटलं, चला, शब्द सापडला. त्यानं माझ्या पायाकडं बघितलं, चपलेकडं बघितलं आणि म्हणाला, "ब्रेक जड नाही ताई, पाय हलका आहे."

बाकावर बसलेली गिऱ्हाइकं खो खो हसली. माझं डोकंच फिरलं. "मग तुमचा पाय काढून द्या मिस्त्री," मी म्हटलं, "बसवून घेते आणि परत आणून देते." हसणं माझ्या बाजूला वळलं, पण ब्रेक होता तिथंच राहिला. इंजिन थरथरतंय म्हणून त्यानं कसलासा स्क्रू पिळून दिला आणि जाता जाता एवढं बोलला, "त्या डब्याच्या व्हॅक्यूमचं काही लफडं असलं तर आपल्याला माहीत नाही. तो डबा आपण कधी उघडलेला नाही."

व्हॅक्यूम! हा शब्द मी घरी नेला आणि जेवताना ताटावर टाकला. तिथंच चुकलं. आमचे सासरे, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो, रेल्वेत गार्ड होते. सारी हयात मालगाडीच्या आणि पॅसेंजरच्या शेवटच्या डब्यात काढलेली. तेव्हाच्या गाड्यांना व्हॅक्यूमचेच ब्रेक. आबांचा घास हातातच राहिला.

"सूनबाई, व्हॅक्यूम मला सांगतेस?"

"मी नाही आबा, मिस्त्री म्हणाला."

"साखळी ओढली की काय होतं? हवा आत शिरते. हवा शिरली की व्हॅक्यूम जातो. व्हॅक्यूम गेला की ब्रेक लागतो. लागतो! गाडी जागच्या जागी उभी. तुझा व्हॅक्यूम गेला असता तर ती मोटार दारातून हललीच नसती. हलते ना? मग व्हॅक्यूम ठणठणीत आहे."

इतकं बिनतोड होतं हे, की मलाही क्षणभर पटलं. नवऱ्यानं मान डोलावली. बाप रेल्वेतला, मुलगा रेल्वेतला, दोघांचं एकमत झालं, म्हणजे दोष पुन्हा माझ्या पायाचाच. त्या रात्री मी भांडी जरा जोरातच घासली.

शनिवारी सकाळची शाळा सुटून मी घरी आले. नवरा मनमाडला गेलेला. मी गाडीत जाऊन बसले. कुठं जायचं नव्हतं, उद्या ती जाणार म्हणून नुसतीच बसले. सवयीनं हात-पाय आपापलं काम करायला लागले. ट्रेनिंग स्कूलच्या मास्तरांनी शिस्त लावली होती, आधी ब्रेक दोन-चारदा दाबून बघायचा, मग पाय त्याच्यावर तसाच ठेवून चावी फिरवायची. मी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

रोज इंजिन सुरू झालं की पेडल पायाखाली हळूच थोडं खाली जायचं. खालून कुणीतरी अलगद ओढल्यासारखं. मी कधी त्याचा विचार केला नव्हता, पण पायाला ते पाठ होतं. आज ते गेलं नाही. बंद करून पुन्हा बघितलं. नाहीच गेलं. ही गाडी माझ्याशिवाय कुणी चालवतच नव्हतं, त्यामुळे ही गोष्ट जगात फक्त माझ्या त्या बदनाम पायालाच माहीत होती. मी धावत आत गेले आणि आबांच्या हातातला पेपर काढून घेतला.

"आबा, इंजिन सुरू झालं की ब्रेक खाली ओढला जायचा. आता ओढला जात नाही."

"इंजिन ओढतं?"

"हो."

"आमच्याकडंही व्हॅक्यूम इंजिनच ओढायचं," आबा सावकाश म्हणाले. "म्हणजे तुझं म्हणणं काय, इथं व्हॅक्यूम ब्रेक सोडत नाही, लावतो?"

"लावायला मदत करतो, असं वाटतं."

"म्हणजे उलटं?"

"उलटं."

आबा असे भडकले, जणू त्यांच्या खात्याचा कुणी अपमान केलाय. "कुणी बनवली ही? व्हॅक्यूम गेला तर गाडी थांबायचं सोडून पळत सुटणार? ही काय रीत झाली? रेल्वेत असं कुणी केलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता!" बोलत बोलतच ते बाहेर आले. "बॉनेट उघड. इंजिन चालू ठेव. पाय ब्रेकवर."

त्यांनी आत वाकून डोळे मिटले. म्हटलं, आता ह्यांना काय झालं? तर ते ऐकत होते. रेल्वेच्या डब्यांच्या मधले रबरी पाइप कुठं फुटलेत ते गार्ड फलाटावरून चालता चालता कानानं ओळखतो, हे त्यांनी मला मागाहून सांगितलं. त्या फटफटणाऱ्या इंजिनात त्यांना नेमकं काय ऐकू आलं देव जाणे. "सुस्स करतंय," ते म्हणाले. इंजिनापासून त्या गोल डब्याकडं एक रबरी पाइप जात होता. आबांची बोटं त्याच्या खालच्या अंगानं सरकत गेली आणि एका जागी थांबली. तिथं पाइप उलला होता, वरून दिसणार नाही असा. आबांनी ती जागा मुठीत गच्च आवळली.

इंजिनची थरथर थांबली. आणि माझ्या पायाखालचं पेडल हळूच खाली गेलं.

मी किंचाळलेच. "गेलं! आबा, गेलं खाली!" मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, दोन्ही एकदम. इतके दिवस सगळ्यांनी एकच सांगितलं, त्यामुळे मलाही मधूनच शंका यायला लागली होती, खरंच आपल्यात काही कमी आहे की काय. आबा बॉनेटमागून डोकं न काढता ड्यूटीवर रिपोर्ट द्यावा तशा आवाजात म्हणाले, "पाय ठीक आहे."

जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून आम्ही ती जागा करकचून बांधली. नवा पाइप येईपर्यंत तेवढ्यावर भागणार होतं. मी गल्लीतल्या गल्लीत चक्कर मारून आले, ब्रेक पुन्हा लोणी.

"संध्याकाळी सांग त्याला," आबा म्हणाले.

"सांगून काय उपयोग? सून आणि सासरा मिळून गाडी वाचवायला गोष्ट रचतात म्हणेल. ब्रेकमध्ये दोष होता हे दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवं."

आबांनी समोर बघितलं. समोर द्राक्षवाल्यांचा अर्धा बंगला होता. निवृत्त झाल्यापासून हा माणूस पेपर वाचून वाचून कंटाळला होता, हे मला त्यांच्या मिशीवरून तेव्हा कळलं. ती हलायला लागली होती.

"उद्या पट्टी सोडून ठेवायची का?" त्यांनी विचारलं. मी अजून तोंडातून अक्षर काढलं नव्हतं हो!

रविवारी द्राक्षवाले सफारी सूट घालून आले. नवरा बाजूला उभा. मी अगदी गरीब गाय होऊन चावी त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "भाऊसाहेब, सपाटीवरच चालवा, आणि हळू चालवा. ब्रेक जरा कडक आहे."

"कडकच पाहिजे वहिनी," ते म्हणाले आणि बसले.

मोकळ्या प्लॉटवरून ते झोकात गेले, झोकात वळले, आणि आमच्याकडं येता येता त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलत गेला. आधी हसू गेलं, मग भुवया वर गेल्या, मग ते सीटवरून उठून उभेच राहिले. गाडी पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगानं त्यांच्याच बंगल्याच्या वाळूच्या ढिगात शिरली आणि तिथं विसावली. ना ओरखडा, ना काही. फक्त सफारीच्या खिशात वाळू.

"अहो, ब्रेक लागतच नाही!" दार उघडता उघडता ते ओरडले.

"कडक आहे ना?" मी विचारलं.

"कडक कसला, दगड आहे दगड! दोन्ही पाय लावले मी! ह्या गाडीतच दोष आहे. ही कुणालाच थांबवता यायची नाही. वहिनींनी त्या दिवशी थांबवली कशी?"

हे वाक्य नवऱ्याच्या कानात नीट जाऊ दिलं मी. त्यानं माझ्याकडं बघितलं, तेव्हा मी आकाशाकडं बघत होते. आबा "बघू बरं जरा" करत बॉनेट उघडून आत वाकले. पट्टी त्यांच्या खिशात होती. थोड्या वेळानं हात पुसत बाहेर आले. "सूनबाई, बस."

मी गाडी वाळूतून मागे काढली, त्याच प्लॉटवरून त्याच वेगानं आणली आणि द्राक्षवाल्यांच्या बरीच अलीकडं एका पायानं उभी केली. तरी ते मागे सरकले. "बाप रे," ते नवऱ्याला म्हणाले, "साहेब, वहिनींच्या पायात लोखंड आहे." गाडीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. कॉलनीत मात्र हा नवा शोध आठवडाभर गाजला. तोच पाय, तेच तोंडं चालवणारे लोक.

आम्ही दोघांनी कुणाला काही सांगितलं नाही. संध्याकाळी नवऱ्यानं एकट्यानं जाऊन बॉनेट उघडलं. बराच वेळ वाकून होता. मग आत आला, आबांकडं बघितलं. आबांनी पेपर तोंडासमोर धरला होता. नवरा माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाला, "नवा पाइप बसल्याशिवाय पेठला नको. आणि घाटात वळणावर हॉर्न वाजवत जा." मला इतकं बरं वाटलं, की त्याच्या ताटात मी त्या दिवशी तूप जरा जास्तच वाढलं.

पाइप मुंबईहून मागवला, मिस्त्रीनंच बसवला. पेडल दाबून म्हणाला, "आता कसा कडक झाला!" मी म्हटलं, "नाही हो, आता मऊ झाला." तो मनापासून हळहळला.

मग एका सुट्टीच्या दिवशी मी निघाले. एकटीच. घाटात प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवला, गुरं चारणारी पोरं हसेपर्यंत वाजवला. उतारावर पाय टेकवला की गाडी ऐकत होती. मी मोठमोठ्यानं गाणी म्हणत होते, ऐकायला कुणी नव्हतं म्हणून.

हॉर्न ऐकून आई बाहेर आली. तिनं मला बघितलं आणि मग माझ्यामागे, गाडीत, बघितलं.

"जावई कुठं आहेत?"

"मनमाडला. ड्यूटी आहे."

"मग तुला आणलं कुणी?"

"कुणी नाही. मीच आले चालवत."

तिनं गाडीभोवती एक फेरी मारली. काचेतून आत बघितलं. मला वाटलं, आता कौतुक करील, नाहीतर रागावेल. तिनं दोन्ही केलं नाही. ती लगबगीनं आत निघाली आणि सवयीनं विचारलं, "परतीची एसटी किती..." आणि दारातच थांबली.

आम्ही जायचो तेव्हा चहाच्या आधी ती हेच विचारायची. मग एका हातानं स्टोव्ह पेटवायची, दुसऱ्या हातानं नागलीचं पीठ बांधून द्यायला काढायची, उभ्या उभ्या बोलायची, आणि आम्ही निघालो की स्टँडपर्यंत पिशवी घेऊन पुढे पळायची.

"म्हणजे आज कुणालाच घाई नाही?" तिनं विचारलं.

"कुणालाच नाही."

आई परत आली, पायरीवर बसली आणि शेजारची जागा हातानं झाडून म्हणाली, "बस मग." चहा नाही, पीठ नाही. माझी आई मी आल्यावर अशी नुसती बसलेली मी पहिल्यांदाच बघत होते.